‘मणक्याचं ऑपरेशन कधीच करू नका’: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस लुळा पडतो. अमेरिकेतल्या संशोधनात ऑपरेशन केलेले आणि न केलेले सारखेच निघाले. एमआरआयमध्ये सगळ्यांच्याच गाद्या सरकलेल्या दिसतात. ऑपरेशन म्हटलं की स्क्रू आलेच. तेव्हा काहीही झालं तरी सहा महिने थांबा.

संशोधनाचं आधी घेऊ, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. रोख बहुधा ‘स्पोर्ट’ या अमेरिकी चाचणीकडे असावा. १३ केंद्रांतल्या, गादी सरकून पाय दुखणाऱ्या ५०१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. निकाल २००६ साली आला. गोची अशी की रुग्ण आपापल्या गटात राहिलेच नाहीत. ऑपरेशनच्या गटातल्या ६० टक्क्यांनीच दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं, आणि औषध-व्यायामाच्या गटातल्या ४५ टक्क्यांनीही करून घेतलं. हिशेब मात्र मूळ चिठ्ठीप्रमाणे मांडला गेला. मग फरक पुसट झाला यात नवल ते काय? प्रत्यक्षात कुणाला कोणते उपचार मिळाले ते पाहून मांडणी केली, तर ऑपरेशनचं पारडं स्पष्ट जड होतं. अर्थात ही मांडणीही निर्दोष नाही. गट बदलून ऑपरेशनकडे वळलेल्यांचा त्रास मुळातच जास्त होता, त्यामुळे तुलना समसमान राहत नाही. एवढ्यावरून ‘सारखेच’ म्हणणं मात्र साफ चूक.

नेदरलँड्समधली २००७ची चाचणी जास्त बोलकी आहे. ६ ते १२ आठवडे सायटिका (नस दबून कमरेतून पायात उतरणारी कळ) असलेले २८३ रुग्ण. लवकर ऑपरेशन केलेल्या गटाला बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. वर्षाअखेर दोन्हीकडे ९५ टक्के बरे. पण थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधल्या काळात ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे बहुतेकांना वाट पाहणं परवडतं, मात्र रोजंदारीवर घर चालत असेल तर ते मधले दोन महिने ‘सारखे’ नसतात. दुखणं ४ ते १२ महिने रेंगाळलेल्यांवर कॅनडात चाचणी झाली (२०२०). तिथे सहा महिन्यांनी पायाचं दुखणं दहापैकी २.८ विरुद्ध ५.२ असं ऑपरेशनच्या बाजूने होतं.

हे सगळं पायात उतरणाऱ्या कळेबद्दल. नुसती कंबर दुखत असेल, तर मेसेज बराचसा बरोबर आहे. ब्रिटनमधल्या २००५च्या चाचणीत मणके जोडण्याचं ऑपरेशन आणि शिस्तीत करून घेतलेला व्यायाम यांत १०० गुणांच्या मोजपट्टीवर फरक पडला जेमतेम ४ गुणांचा.

लुळं पडण्याची भीती आली कुठून, ते कळतं: मज्जारज्जूला धक्का लागेल म्हणून. पण मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्याशीच संपतो. गादी बहुतेकदा सरकते ती त्याच्या खाली, चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये किंवा पाचव्याखाली. तिथे नसांचा झुबका असतो. त्यातल्या एखाद्या नसेला इजा होऊ शकते, पण ती क्वचित. जास्त वेळा घडतं ते वेगळंच: नसांवरचं आवरण फाटून पाणी झिरपणं, जंतुसंसर्ग, किंवा गादीच्या त्याच भोकातून पुन्हा तुकडा बाहेर येणं. चुकीच्या पातळीवर ऑपरेशन होण्याचाही धोका आहे, विशेषतः एखाद्याला जन्मतः मणका कमी-जास्त असेल तर. म्हणून टेबलावर एक्स-रे घेऊन मणके मोजून घ्यायचे असतात.

एमआरआयचं म्हणणं ‘सगळ्यांच्याच’ हा शब्द सोडला तर खरं आहे. कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांच्या १९९४ सालच्या अभ्यासात ५२ टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. पण यातून निघतं इतकंच, की फिल्म आणि लक्षणं जुळली पाहिजेत. पाचवी कंबर-नस दबली की पायाचा अंगठा वर उचलताना जोर लागत नाही. तिच्याखालची दबली की चवड्यावर उभं राहता येत नाही. डाव्या पायात कळ आणि फिल्मवर उजवी गादी, असं असेल तर सुरी उचलायची नाही.

मणके एकमेकांना जोडणाऱ्या स्क्रूचं म्हणाल, तर सरकलेल्या गादीचा तुकडा साधारणपणे स्क्रूविनाच काढतात. वयोमानाने मणका पुढे घसरून नस दबली, तरी स्क्रू लागतीलच असं नाही: नॉर्वेतल्या २०२१च्या चाचणीत दोन वर्षांनी नुसती नस मोकळी केलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना आणि स्क्रूसह केलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना चांगला गुण आला. सुचवले, तर कशासाठी ते जरूर विचारा.

आता शेवटचा सल्ला, ‘काहीही झालं तरी थांबा’. हा पुढे पाठवूच नका. लघवी तुंबली किंवा झालेली कळेना, बसायची जागा बधिर झाली, शौचावरचा ताबा सुटला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर नसांचा अख्खा झुबका दबलेला असू शकतो. अशा वेळी ऑपरेशन ४८ तासांच्या आत, जमल्यास त्याहून लवकर व्हायला हवं. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी एमआरआय आणि मणक्याचा सर्जन दोन्ही असलेल्या रुग्णालयात थेट अपघात विभागात जा. निघताना काही खाऊ नका, भूल द्यावी लागू शकते.