दगड, अर्ज आणि दोन चिडलेले सभासद

"बायकांना मताचा हक्क मिळाला तो पहिल्या महायुद्धामुळे. त्यांनी कारखाने सांभाळले, सरकारने बक्षीस दिलं. विषय संपला," संज्याने जाहीर केलं. आमच्या कट्ट्यावर विषय संपला म्हटलं की तो तिथूनच सुरू होतो.

वैशाली उसळली. "बक्षीस? ब्रिटनचा 1918 चा कायदा वाच. मत तिशी गाठलेल्या बायकांना, वर घर-मालमत्तेची अट. दारूगोळ्याच्या कारखान्यात राबल्या त्यात विशीतल्या पोरी किती! टीएनटी हे स्फोटक हाताळून कातडी पिवळी पडायची. हात पिवळे झाले, मत नाही!"

"पण तीसच का?"

"21 ठेवलं असतं तर यादीत बायका पुरुषांपेक्षा जास्त झाल्या असत्या. लढाईत माणसं मेली होती ना. बरोबरी आली ती 1928 ला."

मंदार आमच्यातला मवाळ. "तरी तिथल्या बायकांनी काचा फोडून काय साधलं? मार्च 1912 मध्ये लंडनच्या दुकानांवर हातोड्या चालवल्या, आणि त्यांच्या बाजूचे खासदारही बिचकले. न्यूझीलंडकडे बघा. 1893 मध्येच बायकांना मत, तेही अर्जाने. केट शेपर्ड आणि तिच्या मैत्रिणींनी सुमारे 32 हजार सह्या जमवल्या. मुख्य अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून 270 मीटरच्या वर गुंडाळी झाली, मधे झाडूचा दांडा! त्यांच्या बाजूच्या खासदार जॉन हॉलने ती सभागृहात सोडली, ती उलगडत गेली आणि दांडा पलीकडच्या भिंतीवर धाडकन आदळला."

हे सांगताना मंदारने हातानेच गुंडाळी सोडली. आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत होतो.

"पुढचं कोण सांगणार?" वैशाली म्हणाली. "वरच्या सभागृहात 20 विरुद्ध 18. पंतप्रधान सेडनने आपल्या एका सभासदाचं मत फिरवलं, ते बघून विरोधातले दोघे चिडले आणि निव्वळ त्याची जिरवायला बाजूने मत देऊन मोकळे झाले. अर्जाने मिळालं म्हणे!"

मला दोघांचंही अर्धंच पटत होतं. सह्यांचा ढीग नसता तर ठराव तिथवर पोचलाच नसता. पण ब्रिटनमध्येही अर्ज झालेच की. 1866 चा, सुमारे 1500 सह्यांचा. दोघीजणी तो संसदेत घेऊन गेल्या आणि तो मांडणारा खासदार जॉन स्टुअर्ट मिल येईपर्यंत लाजून एका सफरचंदवालीच्या टेबलाखाली लपवून ठेवला. त्यानंतर 37 वर्षं नुसते अर्ज. मग 1903 मध्ये पॅन्कहर्स्टबाईंनी 'शब्द नकोत, कृती हवी' म्हणत मताच्या हक्कासाठी लढाऊ संघटना काढली, यात नवल काय?

"एवढं कशाला?" संज्या. "सरळ पुरुषांचं मतदान घ्यायचं. लोकशाही आहे ना?"

"घेतलं की," वैशाली म्हणाली. "स्वित्झर्लंडने, 1959 मध्ये. दोन तृतीयांश पुरुष 'नाही' म्हणाले. हो म्हणायला 1971 उजाडलं. आणि तिथल्या आप्पेन्झेल इनरहोडन या प्रांतात तर 1990 मध्येही पुरुषांनी चौकात जमून हात वर करून नकार दिला. शेवटी कोर्टाने भाग पाडलं."

"स्वित्झर्लंड? घड्याळवाले?"

"तेच. वेळेचे पक्के."