आधी गळती शोधा, मग रिमॅप

‘जुन्या स्विफ्ट डिझेलला आधी रिमॅप, बाकीचं सावकाश’ हा रिमॅपवरच्या लेखातला क्रम चक्क उलटा आहे. (रिमॅप म्हणजे ईसीयूचं, इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं.) हवा मोजणारा सेन्सर बसतो एअर फिल्टरपाशी, म्हणजे टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) आधी. टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजला (रबरी नळीला) चीर गेली असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, पण ईसीयू डिझेल सोडतो ते त्या मापानेच. काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट आणि पिकअप गायब! त्यावर रिमॅपने आणखी डिझेल ओतायचं म्हणजे आगीत तेल. होज नुसता वरून बघू नका. काढा, हाताने वाकवा, खालची बाजू आणि क्लिपखालची कड तपासा. बाहेरून तेलकट धुळीचा पट्टा दिसला की गळती तिथेच. (आतला तेलाचा पातळ थर चालतो, त्याला घाबरून लगेच टर्बो बदलू नका.) टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलला तर ठीक, पण आत-बाहेर जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाती घासल्याच्या खुणा असतील तर रिमॅप विसरा.

क्लचचा तर लेखात उल्लेखच नाही. या इंजिनाचा मूळ टॉर्क (फिरवण्याचा जोर) १९० न्यूटन-मीटर. रिमॅपने तो वाढला की झिजलेली प्लेट आधी हात टेकते. मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि वेग मागेच राहिला, तर आधी क्लच सेटचे पैसे बाजूला काढा.