दाणा नसलेली पाणचक्की

थोडं कडू वाटेल, पण लिहितोच. जुनी पाणचक्की दुरुस्त करायची, फलक लावायचा, तिकीट घ्यायचं आणि दळायचं मात्र काही नाही, हे मला पटत नाही.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघून आलो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली, १७४४ च्या सुमारास तुर्कताज खानाने बांधून पूर्ण केलेली. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडायचं आणि त्या जोरावर यात्रेकरूंसाठी दळण. यातलं चाक आडवं असतं. त्याचा आस खालच्या दगडातून सरळ वर येतो आणि वरचा दगड फिरवतो. ना पट्टा, ना दात्यांची चाकं. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. किती साधं डोकं!

पण आम्ही गेलो तेव्हा दगडाखाली दाणाच नव्हता. सगळे पाण्याच्या पडद्यापुढं सेल्फीत गुंग. त्यांचं तरी काय चुकलं, बघायला दुसरं होतं काय?

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या मामांना दगड कळतो. नळीतून पडणारं पीठ अंगठा-बोटात चोळतात आणि म्हणतात, "गरम पडायलंय, टाकी लावाय पाहिजे." म्हणजे दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायच्या. दगड बोथट झाला की पीठ भाजून निघतं, मग मालदांडी ज्वारी कितीही चांगली असो, भाकरी थापताना चिरते. सोलापुरात याच्याइतकी गंभीर तक्रार दुसरी नाही. हे ज्ञान कुठल्या फलकावर मावणार? युनेस्कोनेही २०१७ मध्ये वारसा यादीत घेतलं ते नेदरलँड्सच्या पवनचक्क्या-पाणचक्क्या चालवणाऱ्यांचं कसब. माणूस गेला की उरतात दगड.

नळदुर्ग किल्ल्याचंच बघा की. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांध घातला, त्याच्या पोटात पाणीमहाल. बांध बाराही महिने जागेवर असतो, पण सोलापूरकर गाड्या भरभरून जातात ते पावसाळ्यात, बांधावरचे नर-मादी धबधबे कोसळायला लागले की. महालात उभं राहायचं, समोरून पाणी पडतंय आणि आपण कोरडे!

जुनी यंत्रं झिजतील, हे मान्य. मग रोज नका चालवू. जर्मनीत १९९४ पासून वर्षातला एक दिवस गिरण्यांचा असतो, त्या दिवशी शेकडो जुन्या गिरण्या लोकांसाठी उघडतात. उत्तराखंडातले घराट, म्हणजे तिथल्या पाणचक्क्या, तर आजही गावाचं दळण दळतात, काही ठिकाणी सुधारित चाक बसवून त्यावर वीजही काढतात. आपल्याला आठवड्यातून एक सकाळ जमणार नाही? एखादा जाणता गिरणीवाला पगारावर ठेवा, समोर दळा, अर्धा-अर्धा किलोच्या पुड्या विका.

तिकीट दुप्पट केलं तरी चालेल. ज्वारी आम्ही घरून आणू.