रिकामं खोकं, पाव इंचाचा सेन्सर : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. स्वस्त शोल्डर कॅमेऱ्यावरच्या, म्हणजे खांद्यावर ठेवून चालवायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय : ‘तुम्ही लोकांना रिकामं खोकं घ्यायला लावताय. आत हँडीकॅम, सेन्सर पाव इंचाचा, आवाजाला साधा ३.५ मि.मी.चा जॅक. यापेक्षा चांगला फोन स्टँडवर लावलेला बरा.’

खोकं रिकामं आहे, हे खरं. सेन्सर लहान आहे, हेही खरं. आवाजाबद्दल तर चूक माझ्या लेखाचीच आहे, त्यावर शेवटी सविस्तर लिहितो. पण यावरून फोन बरा ठरतो, हे मला पटत नाही.

आधी सेन्सर. ‘पाव इंच’ हे जुन्या कॅमेरा-ट्यूबच्या मापावरून चालत आलेलं नाव आहे. अशा सेन्सरची खरी रुंदी साधारण ३.६ मि.मी. भरते. ‘एक इंची’ सेन्सर १३.२ मि.मी. रुंद असतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे बारा पट आणि प्रकाशाच्या हिशेबात साडेतीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आजच्या बऱ्याच फोनचा मुख्य सेन्सरही पाव इंचापेक्षा मोठा असतो. अंधाऱ्या हॉलचा वाइड शॉट घ्यायचा असेल तर फोन जिंकेल, यात वाद नाही.

पण आपलं काम, म्हणजे नाटक-व्याख्यानांचं चित्रण, वाइड शॉटचं असतं का? शिवाजी मंदिर किंवा दीनानाथसारख्या नाट्यगृहात कॅमेरा मागे, रंगमंचापासून वीस मीटरवर लागला असं धरा. फोनची मुख्य लेन्स ३५ मि.मी. फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात २५ मि.मी.च्या आसपास असते. तिच्यात वीस मीटरवरची जवळजवळ २९ मीटर रुंदी येते, म्हणजे अख्खा रंगमंच, दोन्ही बाजूंच्या भिंती आणि प्रेक्षकांची डोकी. बारा पट ऑप्टिकल झूमचा कॅमकॉर्डर ३२० मि.मी.पर्यंत जातो. तिथे फ्रेमची रुंदी सव्वादोन मीटर आणि उंची सव्वा मीटर, म्हणजे कमरेपासून वर एक नट स्वच्छ मिळतो. फोनवर ही फ्रेम मिळवायला चित्र कापून मोठं करावं लागतं आणि तिथे मोठ्या सेन्सरचा फायदा संपतो. फोनमध्ये वेगळी टेली लेन्स असली तरी तिच्यामागचा सेन्सर बहुधा मुख्य सेन्सरपेक्षा लहानच असतो.

आता कॅमकॉर्डरची खरी अडचण सांगतो, ती तुमच्या प्रतिक्रियेत नाही. झूम पुढे नेला की लेन्स मंदावते, म्हणजे कमी प्रकाश आत घेते (एफचा आकडा वाढतो). वाइडला एफ १.८ असलेली लेन्स टोकाला एफ ३.४ झाली, तर पावणेदोन स्टॉपहून जास्त प्रकाश जातो. कॅमेरा ती तूट गेन वाढवून, म्हणजे सेन्सरचा सिग्नल फुगवून भरून काढतो. ६ डीबी म्हणजे एक स्टॉप, म्हणजे झूम करता करता ११ डीबीच्या आसपास गेन गुपचूप चढतो. म्हणूनच दुकानात ट्यूबलाइटखाली वाइडला चित्र बघून कॅमेरा घेऊ नये. मुंबईच्या बोरा बाझारात वापरलेला कॅमेरा बघायला जाल तेव्हा झूम टोकाला न्या, शटर १/५०, आयरिस (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, ऑटो गेन बंद. दुकानातल्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात काळी बॅग ठेवा आणि ९, १२, १५, १८ डीबीला वीस-वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करा. छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं, त्यामुळे घरी टीव्हीवर बघितल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका. काळ्या भागात मुंग्या चालल्यासारख्या दिसू लागतात, त्याच्या एक पायरी खाली तुमची गेनची मर्यादा. मेन्यूत ऑटो गेनची वरची हद्द ठरवता येत असेल तर तीच तिथे भरून ठेवा. त्याच वेळी लेन्सला झाकण लावून १८ डीबीवर पाच मिनिटं कॅमेरा चालू ठेवा. पांढरे-लाल ठिपके एकाच जागी दिसले तर ते बिघडलेले ‘हॉट’ पिक्सेल. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागेही शोधा. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात ते हमखास सापडतात.

निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांत चेहरा सपाट डागासारखा दिसतो, तोही लोक सेन्सरचा दोष समजतात. झेब्रा, म्हणजे जास्त उजेडाच्या भागावर स्क्रीनवर दिसणारे पट्टे, हा एकूण उजेडावर चालतो आणि त्या मोजणीत निळ्याचा वाटा जेमतेम सात टक्के असतो. निळा रंग कधीच फाटलेला (मर्यादेबाहेर जाऊन तपशील गमावलेला) असतो आणि झेब्रा गप्प बसलेला असतो. अशा दिव्यांत झेब्र्यावर विसंबू नका. एक ते दीड स्टॉप खाली उतरा आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता लॉक करा.

आता खोकं. मोठ्या खोक्यात लहान कॅमेरा बसवलाय, मागे वजनच नाही, त्यामुळे सगळा भार उजव्या मनगटावर येतो. लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत हात थरथरायला लागतो. टोकाच्या झूमवर हात एका अंशाने हलला तर वीस मीटरवर चित्र ३५ सें.मी. सरकतं, म्हणजे फ्रेमचा सहावा ते सातवा भाग. यावर इलाज आहे. बॅटरी, माइक, कार्ड सगळं लावून कॅमेरा आडव्या लाटण्यावर ठेवा आणि तो कुठे तोल धरतो ती खूण करा. त्या खुणेपासून खांद्याच्या पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा कॅमेरा अडीच किलोचा आहे आणि खूण पॅडच्या ८ सें.मी. पुढे आली. अडीच गुणिले आठ, भागिले वीस, म्हणजे पॅडच्या मागे २० सें.मी.वर एक किलो लावलं की तोल बरोबर पॅडवर येतो. खांद्यावरचं एकूण वजन वाढतं, पण मनगट सुटतं. त्या एक किलोच्या जागी मोठी व्ही-माउंट बॅटरी (व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या मागे लावायची बॅटरी) लावली तर वीजही मिळते. मात्र ती १४.४ व्होल्टची असते आणि असे कॅमेरे साधारण ७.२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. मधे व्होल्टेज उतरवणारी डमी बॅटरी (कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या जागी बसणारा वायरवाला तुकडा) नसेल तर कॅमेरा जळेल.

तरीही खांद्यावर असताना अर्ध्याच्या पुढे झूम वापरू नका. नाटक, व्याख्यान, कीर्तन यांसाठी ट्रायपॉडच हवा.

वेळेचा मुद्दाही आहेच. कॅमकॉर्डर तापून बंद न पडता तीन तासांचं नाटक सलग घेतो. २८ एमबीपीएसला (सेकंदाला २८ मेगाबिट) तासाला १२.६ जीबी लागतात. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड अडीच तासांत भरणार, ते मध्यंतरातच बदला. कॉपी करताना नुसत्या फाइली उचलू नका, कार्डवरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा घ्या. लांब शॉट कॅमेरा तुकड्यांत तोडतो. ते कंपनीच्या सॉफ्टवेअरने न जोडता एडिटिंगच्या टाइमलाइनवर नुसते शेजारी ठेवले, तर सांध्यावर आवाज तुटू शकतो.

आणि आवाज. ‘३.५ मि.मी.चा जॅक बहुतेक कामांना पुरतो’ असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं, तुमचा राग रास्त आहे. साउंडवाला मिक्सरमधून देतो तो लाइन आउट एक व्होल्टच्या वर असतो आणि माइक जॅकला काही मिलिव्होल्ट हवे असतात. मेन्यूत लेव्हल खाली आणली तर मीटर शहाण्यासारखा खाली दिसतो, पण आवाज त्याच्या आधीच्या प्रीअँपमध्येच (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटमध्ये) फाटलेला असतो. मधे ४० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लागतोच. गुणगुण येत असेल तर दोन यंत्रांचा विजेचा थेट संबंध तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही लावा.

दुसरी चूक जास्त घातक आहे. बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांची केबल, जिच्या दोन तारांत एकच आवाज उलट-सुलट असतो) साध्या कनेक्टरने थेट स्टिरिओ जॅकमध्ये घातला, तर डाव्या-उजव्या चॅनेलवर एकच आवाज उलट-सुलट जातो. हेडफोनवर तो जरा विचित्र पण ऐकू येतो. मोनो स्पीकरवर दोन्ही चॅनेल एकमेकांना खोडतात आणि वक्ता मुका होतो. म्हणून कार्यक्रमाआधी एक मिनिट रेकॉर्ड करून ते मोनोमध्ये वाजवून बघा. शिवाय जॅक लावला की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बहुधा बंद होतो, त्यामुळे टाळ्या आणि हशा हरवतात. त्यासाठी हॉलमध्ये वेगळा रेकॉर्डर ठेवा आणि नंतर दोन्ही आवाज जुळवायला प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला एक टाळी नोंदवा. दोन यंत्रांची घड्याळं तीन तासांत काही फ्रेम इकडेतिकडे होतात, म्हणून प्रत्येक अंक वेगळा जुळवावा लागतो.

लेखातलं ते वाक्य काढून त्या जागी आवाजाचा हा सगळा भाग घातला आहे.