मर्यादा उमेदवाराला, पक्षाला नाही

निवडणूक खर्चावरच्या ४० लाखांच्या मर्यादेमुळे विधानसभेच्या निवडणुकीत पैशाला लगाम बसतो, असं लेखात म्हटलंय. उमेदवाराला बसतो हो, पक्षाला कुठे? पक्षाच्या खर्चाला कायद्यात कमाल मर्यादाच नाही. निवडणूक आटोपल्यावर ७५ दिवसांत आयोगाला हिशेब दिला की झालं.

२०१९ला एका उमेदवाराचं खर्चाचं रजिस्टर मी लिहायचो. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. चहा-वडापावसुद्धा सरकारी दरपत्रकाप्रमाणे लावायचा. मोठ्या सभेच्या आदल्या रात्री निरोप आला: बॅनरवरून उमेदवारसाहेबांचं नाव-फोटो उतरवा, ते स्टेजवरही चढणार नाहीत. म्हणजे मंडप, खुर्च्या, साउंड सगळं पक्षाच्या खात्यात! आमच्या पांढऱ्या पानावर त्या दिवशी फक्त चहा आणि रिक्षाचा भोंगा.