मे महिन्यात भरीत कसे खावे

खान्देशातून गाडी काढणार आहात? उत्तम. धुळ्यापासून भुसावळपर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना ‘अस्सल खान्देशी’ अशा पाट्या लागतील. त्या खास तुमच्यासाठी रंगवल्या आहेत, इथल्या माणसाला त्या लागत नाहीत. परवाच बाहेरगावच्या एका पाहुण्याने ऐन मे महिन्यात अशाच एका पाटीखाली भरीत मागवलं, चार घास खाल्ले आणि निकाल देऊन टाकला, ‘नाव मोठं, बाकी काही खास नाही.’ असे जाणकार गावोगाव तयार व्हावेत म्हणून या चार सूचना.

जेवायची जागा पार्किंग बघून निवडा. दारात बैलगाडीचं रंगवलेलं चाक आणि फोटो काढायला टांगलेला कंदील असेल तर प्रश्नच मिटला. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, ट्रकवाले आणि बाजार समितीत माल टाकून आलेले शेतकरी जिथे दाटीने बसलेत, तिथे चुकूनही शिरू नका. तिथलं रश्शाचं पातेलं दुपारीच खरवडलं जातं, म्हणजे शिळं मिळायची सोयच नाही.

मेनूकार्ड जितकं जाड तितकं चांगलं. दीडशे भाज्या आणि मागे शेगड्या दोन. हे गणित कसं जमतं असं विचारू नये. एकच लाल ग्रेव्ही, त्यात पनीर पडलं की पनीर मसाला, काजू पडला की काजूकरी आणि शेव पडली की तुमची ‘खान्देशी शेवभाजी’.

शेवभाजीवरून आठवलं. शेव आणि रस्सा चांगले एकत्र उकळून आणा, असं वेटरला बजावून सांगा. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईस्तोवर भाजायचा, आलं-लसूण-कोथिंबिरीसोबत वाटायचा, तेल सुटेपर्यंत परतायचा, मग गरम पाणी घालून रस्सा उकळायचा आणि भाजीची जाड तिखट शेव अगदी ताट समोर येताना त्यात सोडायची, ही झाली आमची खेडवळ पद्धत. बेसनाची शेव रस्सा पीत जाते. पाच मिनिटांत फुगते, दहाव्या मिनिटाला तिचं पिठलं होतं. तेवढा वेळ तुम्ही व्हिडिओ काढा. मग वेटरला बोलावून विचारा, ‘हे काय लगद्यासारखं?’

तिखट नको, पण झणझणीत हवं, असं सांगायला विसरू नका.

तवंग चमच्याने काढून ताटाच्या कडेला ठेवा. तरीही तोंड भाजलंच तर गार पाण्याचा तांब्या तोंडाला लावा. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तो नुसता गालभर पसरतो. उतरतो तो दह्याने, तुपाने, कढीने. पण कढीची वाटी तुम्ही ‘हे नको’ म्हणून आधीच परत पाठवलेली असेल, त्यामुळे इलाज उरत नाही.

वरण-बट्टी मागवली की दर तीन मिनिटांनी ‘झालं का?’ विचारा. जाडसर दळलेल्या गव्हाचे गोळे आधी उकडून मग कापून तळायचे असतात, हे भटारखान्यातल्या माणसाला माहीत नसतं. तुम्ही विचारलंत की ते लवकर शिजतात.

आता भरीत. ते उन्हाळ्यातच खावं. थंडीत, म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंत, वांगं कोवळं असतं, बी कमी, गर लुसलुशीत. अशा दिवसांत भरीत खाल्लं तर ते आवडून जायचा धोका असतो. मे महिन्यात वांग्यात बी भरतं, गराला कडवटपणा येतो, हीच खरी संधी. वांगंही जांभळं, गोल, तुमच्या शहरातल्या मंडईत मिळतं तेच मागा. यावल तालुक्यातल्या बामणोदकडचं पांढरट हिरवं, एकेक पाव किलोच्या पुढे भरणारं वांगं नको. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणतात, मिळेना का, आपल्याला फोटोशी मतलब.

आणि भाजावं ते गॅसवर. साल झटक्यात करपते, आत वांगं कच्चंच राहतं, मग आच बारीक करून वर झाकण घालतात आणि वांगं आपल्याच पाण्यात उकडून निघतं. याला भाजणं म्हणत नाहीत हो! भाजणं म्हणजे बांधावर कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्यांचा जाळ. वांगं निवडतानाच हातात तोलून बघायचं, आकाराच्या मानाने हलकं तेच घ्यायचं, जड असेल त्यात बी ठासून भरलेलं असतं. वरून तेलाचा हात, सुरीने एक चीर, म्हणजे आत वाफ कोंडून ते फुटत नाही आणि कीड असेल तर तीही दिसते. जाळावर फिरवत राहायचं. शेवटी देठापाशी दाबून बघायचं. तिथे टणक लागलं तर कच्चं आहे. साल हाताने सोलायची, नळाखाली धरून नाही, कारण पाण्याबरोबर धुराचा वास निघून जातो आणि त्या वासाशिवाय भरीत म्हणजे आजारी माणसाचं जेवण. किलोभर वांग्यांना दहा-बारा हिरव्या मिरच्या आणि लसणाचा अख्खा गड्डा तेलावर परतून लाकडी बडगीत मुसळीने ठेचायचा, त्यातच गर घालून घोटायचा. मिक्सर नाही. मिक्सरच्या पात्याने बी फुटतं आणि गराची चिकट खळ होते. मग जिऱ्याची फोडणी, त्यात तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मूठमूठ कांद्याची पात, कोथिंबीर. संपलं. हळद नाही! टोमॅटो नाही! गरम मसाला नाही! भरीत हिरवट पांढरं दिसतं. तुमच्यासमोर आलं ते लालभडक होतं, त्यावर क्रीमची नक्षी होती, आणि त्या नक्षीचा फोटो काढून तुम्ही खाली लिहिलंत ‘खान्देश स्पेशल’. कुठलं खान्देश? कुणाचं स्पेशल?

बरं, ज्या दिवशी तुम्ही ते मागवलंत, त्याच दिवसांत इथे घरोघरी काय चाललं होतं? आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झालेली. चुलीवर पालथं खापर, हातांवर फिरवून फिरवून रुमालासारखी मोठी केलेली पुरणपोळी, म्हणजेच मांडे, आणि वाटीत नाही, ताटलीत आमरस. त्याच ढाब्याच्या फळ्यावर खडूने लिहिलंही होतं, ‘मांडे-रस मिळेल’. पण फळा वाचायचा कशाला? आपण यादी घरूनच करून आलो ना. दहा ठिकाणचे दहा पदार्थ, एका दिवसात, खूण करत जायची.

ढाबेवालेही कमी नाहीत. ‘भाऊ, भरीत आता नाही, दिवाळीनंतर या’ एवढं सांगायला जीभ का अडखळते? म्हणे गिऱ्हाईक पुढच्या ढाब्यावर जातं. जाऊ दे की! मंडईत मिळेल ते जांभळं वांगं उकडून, रंग टाकून बारा महिने विकता आणि हिवाळ्यात खरं भरीत करणाऱ्याचंही नाव त्यात बुडवता. तुमच्या घरात कुणी मे महिन्यात भरीत करतं का? मग पाहुण्याच्या ताटात कसं वाढता?

आणि तुम्ही, गाडीवाले. विचारायचं असतं. ‘भाऊ, आज काय चांगलं आहे? तुम्ही स्वतः काय जेवलात?’ या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. उडदाची काळी डाळ असेल, फुणके-कढी असेल, पाटोडीचा रस्सा असेल, जे असेल ते मुकाट्याने खा. कळण्याची भाकरी मागवली असेल तर फोन बाजूला ठेवून ती गरम आहे तोवर खा. ज्वारीत साधारण चौथा हिस्सा सालीसकट काळे उडीद आणि खडेमीठ घालून दळलेलं पीठ असतं ते. निवलं की भाकरी चिवट होणारच. ती तुमच्या फोटोपायी निवली, आणि तुम्ही अर्धी ताटात टाकून उठलात. बाहेर 44 अंश, त्यात चुलीसमोर बसून एका बाईने ती थापली होती. बिल देताना मान वळवून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत, आणि गाडी सुरू व्हायच्या आधी फोनवर एक तारा देऊन मोकळे झालात.