लाली, सूज सगळं हिस्टामिनच? जरा थांबा

ते फॉरवर्ड परत फिरतंय, "त्वचा लाल होणं, सुजणं हा सगळा हिस्टामिनचा खेळ, नर्व्हचं काम फक्त मेंदूला दुखल्याचं कळवणं". अर्धं बरोबर आहे म्हणून तर जास्त पसरतं. (हिस्टामिन म्हणजे अॅलर्जीत अंगात सुटणारं रसायन. आणि नस म्हटलं की लोक रक्तवाहिनी समजतात, म्हणून नर्व्हच म्हणतो.)

आधी "फक्त कळवणं". वेदनेच्या बारीक नर्व्हच्या टोकांत सबस्टन्स पी आणि सीजीआरपी नावाची न्यूरोपेप्टाइड्स (नर्व्ह सोडते ती रसायनं) भरलेली असतात आणि टोक चाळवलं की ती तिथेच त्वचेत सुटतात. म्हणजे निरोप मेंदूकडे जातोच, पण वाटेत फांदी फुटलेली असते तिथून उलटाही फिरतो, शेजारच्या त्वचेत. याला अ‍ॅक्सॉन रिफ्लेक्स म्हणतात.

मेंदू यात लागतच नाही. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने 1927 मध्येच हे लिहून ठेवलंय, त्वचा जोरात ओरखडली की आधी लाल रेघ, मग भोवती पसरणारी लाली, मग उठाव (म्हणजे फुगलेला चट्टा). नर्व्ह नुकतीच कापली असेल तरी भोवतीची लाली येते, पण काही दिवसांनी ती नर्व्ह मरून गेली की येत नाही. त्वचेत हिस्टामिन टोचलं तरी लाली टोचल्या जागेपासून काही सेंटीमीटर लांब जाते आणि भूल दिलेल्या त्वचेत ती लांबची लाली गायब, उठाव मात्र येतो! सगळं हिस्टामिनच करत असतं तर भूल दिल्याने काय फरक पडला असता?

दुसरं, लाली आणि सूज एकच धरलंय. सीजीआरपी धमन्यांच्या बारीक फांद्या रुंद करतं, रक्त वाढतं, त्वचा लाल आणि गरम होते, आणि अगदी नगण्य डोस टोचला तरी ती लाली तासन्‌तास टिकते. पण एकट्याने ते सूज आणत नाही. सबस्टन्स पी केशिकांच्या पुढच्या छोट्या शिरांच्या भिंती सैल करतं, पाणी बाहेर झिरपतं, ती सूज. आणि सीजीआरपीने आधीच नळ मोठा सोडलेला असला तर गळतीही वाढणारच ना.

आता हिस्टामिनची बाजू, कारण तेही खोटं नाही. सबस्टन्स पी मास्ट सेल्सना (हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या पेशींना) फोडून हिस्टामिन सोडायला लावतं, आणि ते हिस्टामिन परत नर्व्ह चाळवतं. त्यात उंदरांमध्ये नर्व्ह चेतवली की चांगली सूज येते, माणसात मुख्यतः लालीच दिसते, त्यामुळे उंदरांवरचे निकाल जसेच्या तसे आपल्यावर चिकटवू नका.

फॉरवर्डचं शेवटचं वाक्य होतं "म्हणून अँटीहिस्टामिन घेतली की झालं". पित्ताच्या गांधींवर ती चालते, बंद करा असं मी म्हणत नाहीये. पण कॅप्सेसिनचं (मिरचीतल्या तिखट रसायनाचं) क्रीम लावल्यावर जी लाल आग होते ती नर्व्हमधून येते, तिथे ही गोळी फारसं काही करणार नाही. आणि ओठ-जीभ सुजून श्वास अडकत असेल तर गोळी शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.